टाकाऊ वस्तूंचे दुसरे आयुष्य

बंगळूर शहराच्या दक्षिण भागातील बनशंकरी ही वस्ती ज्या देवीच्या नावाने ओळखली जाते, तिच्या देवळात दिवा लावण्याची एक निराळी प्रथा आहे. हे देऊळ १९१५ साली बांधले गेले. मंगळवार, शुक्रवार आणि रविवार या दिवशी राहुकाळात येथे येणाऱ्या स्त्रिया लिंबू मधोमध कापतात, त्याचा रस पिळून काढतात, उरलेली साल आतली बाजू बाहेर येईल अशी उलटवितात आणि त्या चिमुकल्या वाटीत तूप किंवा तेल व वात घालून दिवा उजळतात. रस निघाल्याबरोबर जी साल आपण स्वयंपाकघरात टाकून देतो, तीच येथे पणतीचे काम करते.

या प्रथेचा धार्मिक अर्थ क्षणभर बाजूला ठेवून तिच्याकडे केवळ पदार्थाच्या दृष्टीने पाहू या. साल उलटविल्यावर तिचा पिवळा पृष्ठभाग वाटीच्या आत येतो. ही बाजू घट्ट विणीची व मेणचट असल्यामुळे तेल तिच्यात लवकर मुरत नाही. सालीत पाण्याचा अंश पुष्कळ असतो. जोवर ते पाणी आहे, तोवर साल पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या फारशी वर तापत नाही, आणि म्हणून वात जळत असताही वाटी सहसा पेट घेत नाही. दिवा विझला की ती साल इतर ओल्या कचऱ्याबरोबर कुजते आणि मातीत मिसळते.

म्हणजे येथे तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत. वस्तूची खरोखरच गरज होती. त्या गरजेला सालीचा अंगचा गुण उपयोगी पडला. आणि काम संपल्यावर सालीला पुढे जाण्याची वाट मोकळी राहिली. घरातल्या टाकाऊ वस्तूंपासून काही बनविण्याचा छंद आज शाळाशाळांतून आणि घराघरांतून वाढत आहे. हा छंद चांगला आहे. परंतु त्यातून निर्माण झालेली प्रत्येक वस्तू या तीन कसोट्यांना उतरते काय, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

तीन भाषांतील तीन शब्द

या कामासाठी कन्नड भाषेत एक सुटसुटीत शब्दप्रयोग रूढ आहे : ‘कसदिंद रस’. ‘कस’ म्हणजे केरकचरा. त्यातून रस, म्हणजे सार, काढावयाचे. मराठीत आपण ‘टाकाऊतून टिकाऊ’ असे म्हणतो. इंग्रजीतून आलेला ‘अपसायकलिंग’ हा शब्द या दोहोंपेक्षा पुष्कळ अलीकडचा आहे. रायनर पिल्झ या जर्मन अभियंत्याने १९९४ साली एका मुलाखतीत तो वापरला. जुन्या इमारती पाडताना धड विटांचाही चुरा केला जातो, यावर त्याचा आक्षेप होता. चुरा करून पदार्थाची किंमत उतरविण्यापेक्षा जुन्या वस्तूला अधिक मोलाचे रूप द्यावे, असे त्याचे म्हणणे होते.

या तीन शब्दांपैकी मराठी शब्द सर्वांत कडक आहे, असे म्हणावे लागेल. वस्तू नुसती सुंदर झाली किंवा तिचे मोल वाढले, एवढ्याने तो संतुष्ट होत नाही. ती टिकली पाहिजे, अशी त्याची अट आहे. बाटलीवर सुतळी चिकटविली, तिच्यावर लांबीचा लेप दिला, रंग फासला आणि मणी डकविले, म्हणजे ती देखणी दिसते हे खरे. पण सहा महिन्यांनी तिच्यावर धूळ बसते, मणी गळू लागतात, आणि मग ती कचऱ्यात जाते. त्या वेळी ती निव्वळ काच राहिलेली नसते, आणि भंगारवाला तिला हात लावीत नाही. आपण एका टाकाऊ वस्तूपासून दुसरी, अधिक टाकाऊ वस्तू तयार केली, असाच याचा अर्थ होतो.

कचरा जातो कोठे ?

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. २०१२ साली बंगळूरच्या उत्तरेस असलेल्या मावळ्ळीपुर या गावाजवळची कचराभूमी बंद झाली, तेव्हा शहराच्या रस्त्यांवर केराचे ढीग साचले. त्यानंतर मंडूर गावाजवळच्या कचराभूमीवर भार पडला. तेथील ग्रामस्थांनी विरोध केला आणि २०१४ च्या अखेरीस तेथेही कचरा टाकणे थांबवावे लागले. आपल्या घरातून गेलेला कचरा नाहीसा होत नाही, तो कोणाच्या तरी विहिरीशेजारी जाऊन पडतो, हे या दोन गावांनी शहराला दाखवून दिले. पुढे डिसेंबर २०१५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या आदेशाने बंगळूरमध्ये घरोघरी कचऱ्याचे वर्गीकरण आवश्यक ठरले. ओल्या कचऱ्याला एक टोपली, आरोग्यदृष्ट्या घातक कचऱ्याला दुसरी टोपली, आणि कागद, काच, धातू, प्लास्टिक अशा सुक्या कचऱ्याला एक पिशवी, अशी ती पद्धत आहे. सुका कचरा त्या त्या विभागातील संकलन-केंद्रात जातो, व तेथे माणसे हातांनी तो पुन्हा निवडतात.

निवडणाऱ्यांच्या दृष्टीने पदार्थाची शुद्धता हीच त्याची किंमत होय. पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची जी संघटना उभी राहिली, तिचे नावच ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ असे आहे. कागद, काच, पत्रा ही तीन नावे वेगळी उच्चारली जातात, कारण ते पदार्थ वेगळे विकले जातात. ज्या वस्तूत तिन्ही एकमेकांना घट्ट चिकटून बसले आहेत, ती विकली जात नाही; आणि फुटकी काच आत दडली असेल तर निवडणाऱ्याचा हात मात्र कापला जातो.

गोधडीचे शास्त्र

टाकाऊपासून टिकाऊ वस्तू करण्याचा सर्वोत्तम धडा आपल्याकडे पूर्वीपासून आहे. तो म्हणजे गोधडी. धुऊन धुऊन मऊ झालेली लुगडी थरावर थर घालून पसरावयाची आणि त्यांवर धावदोरा घालावयाचा, एवढीच तिची कृती. पण तिच्यातील तत्त्व सूक्ष्म आहे. आपल्याला ऊब देते ती मुख्यतः कापडाच्या थरांत अडकून पडलेली हवा. स्थिर हवा उष्णतेची फार मंद वाहक आहे. पाण्यातून उष्णता तिच्यापेक्षा वीसपटींहून अधिक वेगाने वाहते. म्हणूनच ओली गोधडी थंड लागते, आणि टाके फार दाट व करकचून घातले तर हवेला जागा न उरल्यामुळे गोधडीची ऊब कमी होते. शिवणाऱ्या आजीला ही आकडेवारी ठाऊक नसे, परंतु टाक्यांतील योग्य अंतर तिच्या बोटांना ठाऊक असे.

कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर व मुंडगोड या भागांत सिद्दी लोकांची वस्ती आहे. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून या देशात आणले गेले. सिद्दी स्त्रिया जुन्या कपड्यांच्या तुकड्यांपासून ‘कवंदी’ नावाची गोधडी शिवतात. शिवण कडेपासून सुरू होऊन चारी बाजूंनी आत आत सरकत मध्यापर्यंत जाते, आणि चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या त्रिकोणी तुकड्यांची ‘फुले’ बसविली जातात. फुले नसलेली कवंदी त्या अपुरी मानतात. सौंदर्य आणि उपयोग यांची फारकत करण्याचे कारण नाही, हे त्या चार फुलांवरून कळून येते. ती फुलेही कापडाचीच असतात व दोऱ्यानेच शिवलेली असतात.

गोधडी फाटली तर ठिगळ लावता येते. अगदीच जीर्ण झाली तर तिचे पायपुसणे होते, पायपुसण्याचे पोतेरे होते, आणि सुती पोतेरे शेवटी मातीत कुजून जाते. मात्र हा क्रम सुती कापडाचा आहे. कृत्रिम धाग्याच्या साड्या घाम शोषून घेत नाहीत, आगीजवळ वितळून अंगाला चिकटतात, आणि मातीत वर्षानुवर्षे तशाच राहतात. त्यांची गोधडी करावयाची असेल तर निदान अंगाला लागणारे दोन्ही बाजूंचे थर सुती असावेत, आणि ती चुलीपासून दूर ठेवावी.

कागद, काच आणि पत्रा

रद्दी कागद भिजवून, कुटून त्याचा लगदा करावयाचा, त्यात वाटलेली मेथी मिसळावयाची आणि एखाद्या पातेल्याच्या पाठीवर थापून टोपली घडवावयाची, ही कला आपल्या घरांत जुनी आहे. कागद म्हणजे वनस्पतींच्या तंतूंची जाळी. पाण्यात ही जाळी सुटते आणि वाळताना पुन्हा गुंतते. भिजलेल्या मेथीतील बुळबुळीत द्रव्य खळीचे काम करते. कारखान्यात कागदाचा पुन्हा कागद करताना तंतू दर वेळी तुटून आखूड होतात, त्यामुळे हे चक्र साधारणपणे पाच ते सात वेळांहून अधिक चालत नाही. लगद्याची टोपली हा अशा थकलेल्या तंतूंसाठी योग्य विसावा होय. मात्र छापील कागदाच्या टोपलीत खाद्यपदार्थ ठेवू नयेत. छपाईच्या शाईतील घातक द्रव्ये अन्नात उतरू शकतात, म्हणून वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत, असे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ साली बजावले आहे.

काचेची गोष्ट वेगळी आहे. वाळू, सोडा आणि चुना यांचे मिश्रण सुमारे १५०० अंश सेल्सियस तापमानाला वितळवून ती तयार होते. तिचा गुण न घटता ती पुनःपुन्हा वितळविता येते, पण प्रत्येक वेळी ती प्रखर भट्टी पेटवावी लागते. म्हणून लोणच्याची किंवा मुरंब्याची रिकामी बरणी धुऊन पुन्हा बरणी म्हणूनच वापरणे, हे तिचे सर्वांत काटकसरीचे दुसरे आयुष्य होय. काच अन्नातील आंबटाशी सहसा संयोग पावत नाही व वासही धरून ठेवीत नाही. दक्षता एकच घ्यावी. थंड, जाड बुडाच्या बरणीत एकदम उकळते पाणी ओतले तर आतला थर प्रसरण पावतो, बाहेरचा तसाच राहतो, आणि या ओढाताणीत बरणी तडकते. स्पिरिटमध्ये भिजविलेला दोरा पेटवून बाटली कापण्याची युक्ती याच तत्त्वावर आधारलेली आहे. परंतु आग आणि धारदार काच एकत्र आल्यामुळे शाळेत तो प्रयोग मुळीच करू नये.

पत्र्याच्या डब्याचा इतिहास दोन शतकांचा आहे. इंग्लंडमध्ये पीटर ड्युरंड याने १८१० साली अन्न टिकविण्याच्या डब्यांसाठी एकस्व मिळविले. आपल्याकडे १९३७ पासून विकल्या जाऊ लागलेल्या डालडा तुपाचे डबे रिकामे झाल्यावर कोणी धान्य भरण्यासाठी, तर कोणी तुळस लावण्यासाठी वापरीत. हा डबा म्हणजे पोलादाचा पत्रा व त्यावर कथिलाचा अतिशय पातळ मुलामा. मुलामा अखंड आहे तोवर पत्रा सुरक्षित असतो. परंतु ओरखडा पडून आतले लोखंड उघडे पडले की चित्र पालटते. कथिलापेक्षा लोखंड रासायनिक दृष्ट्या अधिक क्रियाशील असल्यामुळे ओल्या जागी आधी लोखंडच झिजते, आणि गंज मुलाम्याखालून पसरतो. जस्ताचा मुलामा असलेल्या पन्हळी पत्र्यात याच्या उलट घडते. तेथे जस्त स्वतः झिजून लोखंडाचे रक्षण करते. यावरून कुंडी करताना काय करावे ते आपोआप सुचते. पाणी निघून जाण्यासाठी बुडाला भोके पाडावीत, भोकांच्या कडांना आणि आतील बाजूस रंग द्यावा, डबा जमिनीवर न टेकविता दोन विटांवर ठेवावा, आणि कापलेली वरची कड आत दुमडून ठोकून घ्यावी.

जे न करण्यातच शहाणपण आहे

सर्वच वस्तूंना घरात दुसरा जन्म देण्याचा अट्टहास योग्य नाही. शीतपेयाच्या ॲल्युमिनियमच्या डब्यापासून फुले कापण्याचा प्रघात आहे. परंतु खनिजापासून नवे ॲल्युमिनियम काढण्यास जेवढी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे ५ टक्के ऊर्जेत जुने ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरता येते. अशा डब्याचे योग्य स्थान दिवाणखान्यात नसून भंगाराच्या दुकानात, बंगळूरच्या बोलीत ‘गुजरी’त, आहे. दुधाच्या पिशव्यांचेही तसेच. त्या पॉलिथिनच्या असतात. धुऊन, वाळवून दिल्या तर त्यांना गिऱ्हाईक मिळते.

याउलट, वेफर्सच्या चकचकीत पुड्याला कोणी घेत नाही. त्यात प्लास्टिकचे निरनिराळे थर असतात, व त्यांवर माणसाच्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असा ॲल्युमिनियमचा लेप असतो. हे थर सुटे करणे परवडत नाही. तेव्हा हस्तव्यवसायाला खरा वाव येथे आहे. पुण्यातील ‘रीचरखा’ ही संस्था अशा प्लास्टिकच्या पट्ट्या कापून, त्या चरख्यावर गुंडाळून, हातमागावर विणते आणि त्या कापडाच्या पिशव्या बनविते. भंगारवाला जे नाकारतो त्यापासून वस्तू कराव्यात, आणि जे तो घेतो ते त्याला द्यावे, हा साधा नियम वर्गाच्या भिंतीवर लिहून ठेवण्याजोगा आहे.

प्लास्टिकच्या बाटल्या व डबे यांच्या बुडाशी त्रिकोणात एक आकडा असतो. प्लास्टिकची जात ओळखण्यासाठी ही पद्धत १९८८ साली अमेरिकेत सुरू झाली. १ हा आकडा असलेली पाण्याची बाटली ७० ते ८० अंश सेल्सियसच्या सुमारास मऊ पडते, म्हणून तिच्यात गरम पदार्थ भरू नये. ५ आकड्याचा डबा त्या मानाने पुष्कळ अधिक उष्णता सोसतो. उन्हातील अतिनील किरणांमुळे प्लास्टिकमधील लांब रेणुशृंखला तुटतात व वस्तू ठिसूळ होऊन तिचे कण झडू लागतात; त्यामुळे गच्चीवर कडक उन्हात टांगलेली बाटलीची कुंडी फार काळ टिकत नाही. आणि कीटकनाशक, रंग किंवा जंतुनाशक यांचा डबा कितीही धुतला तरी दुसऱ्या कोणत्याही कामास घेऊ नये.

खेळण्यातून विज्ञान

काही वस्तूंचे सार्थक मात्र टिकण्यापेक्षा शिकविण्यात असते. आयआयटी कानपूरमधून अभियंता झालेले अरविंद गुप्ता पुण्याच्या एका मोटारी बनविणाऱ्या कारखान्यात नोकरीस होते. १९७८ साली ते मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान-शिक्षण कार्यक्रमात दाखल झाले. खेड्यातील शाळेत साहित्य नव्हते, पण आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी बाजारात मिळत होती. नळीचे तुकडे सांध्यासारखे वापरून आणि त्यांत काड्या खोचून त्यांनी भूमितीच्या आकृती उभ्या केल्या. काड्यांचा चौकोन बोटाने दाबला की तिरपा होतो. त्रिकोण होत नाही. पुलाच्या आणि छपराच्या कैचीत त्रिकोण का असतात, हे मुलाला फळ्यावरील आकृतीपेक्षा त्या काड्यांवरून लवकर उमगते. पुढे २००३ ते २०१४ या काळात त्यांनी पुण्याच्या आयुका संस्थेतील ‘मुक्तांगण’ या मुलांच्या विज्ञानकेंद्रात अशी शेकडो खेळणी तयार केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली.

त्यांचे एक खेळणे कोणत्याही शाळेत करता येईल. विजेरीचा एक सेल घ्यावा. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्टीने त्याच्या दोन टोकांवर दोन सेफ्टी पिना उभ्या बांधाव्यात. सेलवर एक लहान चुंबक ठेवावा. मुलामा दिलेल्या तांब्याच्या तारेचे दहा वेढ्यांचे कडे करून त्याची दोन टोके पिनांच्या नेढ्यांत अडकवावीत. तारेच्या एका टोकाचा मुलामा सर्व बाजूंनी खरवडावा. दुसऱ्या टोकाचा मात्र एक बाजू राखून खरवडावा. कड्याला किंचित धक्का दिला की ते गरगर फिरू लागते. मुलाम्याची राखलेली बाजू दर फेऱ्यात क्षणभर प्रवाह तोडते. ती राखली नाही तर चुंबकाचा रेटा अर्ध्या फेऱ्यात पुढे आणि अर्ध्या फेऱ्यात मागे लागतो, व कडे जागीच थरथरते. खेळ संपल्यावर पिना, तार, चुंबक, रबर सारे सुटे होते, आणि प्रत्येक वस्तू आपापल्या जागी परत जाते.

वर्गासाठी एक वही

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष तीन प्रश्नांत सांगता येईल. ही वस्तू नसती तर तिच्या जागी आपण दुसरी एखादी विकत आणली असती काय ? जो पदार्थ आपण वापरला, त्याचा गुण या कामाला अनुकूल आहे काय ? आणि काम संपल्यावर तिचे भाग वेगळे करता येतील काय ? तिसऱ्या प्रश्नासाठी बनविण्याची रीतच बदलावी लागते. चिकटविण्याऐवजी बांधावे, शिवावे, दुमडावे किंवा गुंफावे. डिंक लागणारच असेल तर पाण्यात सुटणारी गव्हाची खळ वापरावी.

शाळांनी हस्तव्यवसायाच्या तासाला एक वही ठेवावी. प्रत्येक वस्तूसाठी तीत एक ओळ असावी : मूळ पदार्थ कोणता, वजन किती, वस्तू कोणत्या तारखेस झाली, कोणत्या कामासाठी झाली, वापरातून केव्हा गेली आणि शेवटी कोठे गेली. वजनासाठी किराणा दुकानातील काटा पुरेसा आहे. वर्ष सरल्यावर शेवटचे दोन रकाने मुलांनी मोठ्याने वाचावेत. कोणती वस्तू बारा महिने कामी आली आणि कोणती पहिल्या पावसातच कचऱ्यात गेली, हे त्यांना स्वतःच्या नोंदींवरून दिसेल, आणि पुढच्या वर्षी काय करावे व काय भंगारवाल्याला द्यावे, हे वर्ग स्वतःच ठरवू शकेल.